फोटो हटवणाऱ्या मोफत सेवा आणि शेजारी बसणारी माणसं: बेळगाव, खानापूर, निपाणीकरांसाठी एक परीक्षण

एसएसएलसीच्या (दहावीच्या) वर्गातल्या मुलीच्या नावानं कुणीतरी इन्स्टाग्रामवर फेक अकाउंट काढतं. पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलाचा चेहरा कापून घाणेरड्या फोटोवर चिकटवला जातो. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकट्याला धरून आठ-दहा जण रात्रभर छळतात. अशी गोष्ट घरात सहसा सगळ्यात शेवटी कळते, पोलिसांत तर त्याहून उशिरा. आधी ती पोचते शिकवणीच्या ताईकडं, गल्लीतल्या एखाद्या दादाकडं, कॉलेजच्या एनएसएसमधल्या (राष्ट्रीय सेवा योजनेतल्या) मुलांकडं. ही माणसं पगारी नाहीत आणि बहुतेकांना कुणी प्रशिक्षणही दिलेलं नाही. त्यांच्या हाताशी ज्या मोफत सेवा आहेत त्या किती कामाच्या, कुठं अडतात आणि या माणसांच्या कामाची कदर कशी व्हायला हवी, हे इथं मांडलंय. सुरुवात सगळ्यात उपयोगी, तरी आपल्याकडं सगळ्यात कमी माहीत असलेल्या सेवेपासून.

टेक इट डाऊन: पाचपैकी चार तारे

अमेरिकेतल्या नॅशनल सेंटर फॉर मिसिंग अँड एक्स्प्लॉइटेड चिल्ड्रन या संस्थेची ही सेवा 2023 च्या फेब्रुवारीत जाहीर झाली. वय 18 पूर्ण होण्याआधीचा नग्न, अर्धनग्न किंवा लैंगिक फोटो वा व्हिडिओ पसरलाय, किंवा पसरवायची धमकी आहे, अशा वेळी ती वापरायची. नाव द्यावं लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि भारतातून चालते. (2025 मध्ये अमेरिकेत याच नावाचा कायदा झाला. शोधताना त्याच्या बातम्या वर येतात आणि माणूस भलत्याच पानावर जातो. संस्थेचं स्वतःचं पान हुडकून तेच उघडायचं.)

पालक आणि मुलं दोघंही सगळ्यात आधी एकच विचारतात: फोटो त्या वेबसाइटवर चढवायचा म्हणजे आणखी एका ठिकाणी गेला नाही का? तर नाही. फोटो फोनमधून बाहेर पडतच नाही. पान उघडल्यावर फाइल निवडायची, आणि फोनवरच तिचा हॅश तयार होतो, म्हणजे आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळख, बोटाच्या ठशासारखी. ठशावरून माणसाचा चेहरा काढता येत नाही, तसा हॅशवरून फोटो परत तयार होत नाही. तेवढा हॅश संस्थेकडं जातो. सामील झालेल्या कंपन्या आपल्याकडच्या फाइली त्याच्याशी ताडून पाहतात आणि जुळलं तर काढतात. फेसबुक, इन्स्टाग्राम, थ्रेड्स, स्नॅपचॅट यांत आहेत.

अडतं कुठं ते नीट समजून घ्यायला हवं, कारण इथंच मुलांची आशा तुटते. फोटो कापला, फिल्टर लावला, वर मजकूर किंवा इमोजी टाकला की हॅशच्या हिशेबानं ती वेगळी फाइल होऊ शकते. म्हणून मुलाकडं जेवढ्या प्रती आहेत, मूळ आणि फिरून आलेल्या, त्या सगळ्यांचा एकेक करून हॅश काढायचा. एकच प्रत देऊन थांबलं तर उरलेल्या फिरत राहतात. दुसरी अडचण: फाइल हाताशी असावी लागते. घाबरून आधीच सगळं पुसून टाकलं असेल तर ही सेवा हात टेकते. म्हणून पहिल्या भेटीत मुलाला सांगायचं, "तुझ्या फोनमधलं काही पुसू नको, आणि कुणाला पाठवू पण नको." तिसरी अडचण: बंद चॅटमधल्या, एन्क्रिप्ट केलेल्या मेसेजपर्यंत ही तपासणी पोचत नाही. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारा फोटो यातून निघेल असं वचन कुणी देऊ नये. आणि एकदा हॅश दिल्यावर तो फोटो स्वतः कुठंही चढवायचा नाही. नाहीतर मुलाचंच अकाउंट अडकतं.

नुसती शिवीगाळ, मिम, जातीवरून किंवा भाषेवरून टोमणे, कपडे घातलेला साधा फोटो यांसाठी ही सेवा नाही. एक तारा तिथंच कमी केलाय.

फोटोतलं वय 18 किंवा वर असेल तर ब्रिटनमधल्या एसडब्ल्यूजीएफएल या संस्थेची 'स्टॉप एनसीआयआय' ही सेवा, 2021 च्या डिसेंबरपासूनची. पद्धत तीच. शेवटी केस नंबर मिळतो, आणि पुढं तपासायला तो नंबर नि पिन दोन्ही लागतात. पिन हरवला तर परत मिळत नाही, तेव्हा तो त्याच क्षणी वहीत लिहायचा. आजचं वय 19 असलं तरी फोटो 16 व्या वर्षीचा असेल तर 'टेक इट डाऊन'कडंच जायचं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

शेजारी बसणाऱ्यानं काय करायचं नाही

हा भाग सेवांच्या कुठल्याच पानावर लिहिलेला नाही, आणि चुका सगळ्यात जास्त इथं होतात.

"मला पाठव, मी बघतो" हे वाक्य मनातून काढून टाकायचं. लहान मुलाचा असा फोटो बाळगणं पोक्सो कायद्याच्या (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून वाचवणाऱ्या कायद्याच्या) कलम 15 खाली आणि पाहणं, पाठवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67 ख (67B) खाली गुन्हा ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयानं 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात ही बाब आणखी कडक केली आहे. मदतीचा हेतू असला तरी आपल्या फोनमध्ये प्रत यायला नको. फोन मुलाच्याच हातात ठेवायचा. आपण समोर बसायचं, पडदा दिसणार नाही असं, आणि तोंडानं एकेक पायरी सांगायची: आता हे बटण, आता हा प्रश्न, आता फाइल निवड. वेळ लागतो. पण मुलाची लाजही राहते आणि स्वयंसेवकही सुरक्षित राहतो.

"कुणालाच सांगणार नाही" असंही वचन द्यायचं नाही. मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं तर पोक्सोच्या कलम 19 प्रमाणं ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. मुलाचा फोटो, खरा असो की बनावट, वापरायची नुसती धमकी दिली तरी कलम 11 प्रमाणं तो लैंगिक छळ होतो. म्हणून बसल्या बसल्या पहिल्या दोन मिनिटांतच सांगायचं: "बाळ, तुझं नाव गल्लीत, शाळेत जाणार नाही. पण फोटोचं प्रकरण असेल तर आपल्याला पोलिसांकडं जावं लागेल, आणि मी सोबत येणार." आधी वचन देऊन नंतर मोडलं तर ते मूल पुन्हा तोंड उघडणार नाही. साध्या चिडवण्याला हे कलम लागत नाही. दोन्हीत फरक करायला शिकणं हाच या कामातला खरा अभ्यास.

पोर्टल आणि 1930: पाचपैकी तीन

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल 2019 च्या ऑगस्टपासून चालू आहे. महिला आणि मुलांवरच्या गुन्ह्यांसाठी त्यात वेगळा रस्ता आहे आणि त्यात दोन फाटे फुटतात: नाव न देता तक्रार, किंवा नाव देऊन माग ठेवता येणारी तक्रार. नाव न दिलेल्या तक्रारीचं पुढं काय झालं ते कळत नाही. मुलाला खरंच मदत हवी असेल तर दुसरा फाटा धरायचा. त्याला मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो, म्हणून पालकांचा फोन जवळ असू दे. हकिकत लिहायच्या रकान्यात किमान 200 अक्षरं लागतात आणि विशेष चिन्हं चालत नाहीत. इन्स्टाग्रामच्या नावातलं ॲट चिन्ह किंवा हॅशटॅग तसाच टाकला की फॉर्म अडतो आणि माणूस वैतागून बंद करतो. मजकूर आधी वहीत लिहून, चिन्हं काढून, मग भरायचा.

तक्रार क्रमांक मिळाला म्हणजे एफआयआर झाला असं नव्हे. पोर्टलवरची नोंद राज्याच्या पोलिसांकडं जाते. पुढं ठाण्यात जावंच लागतं. 1930 हा नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. फोटोच्या धमकीसोबत पैसे मागितले आणि कुणी भरलेही असतील, तर तो तातडीनं लावायचा. मूल धोक्यात असेल, घरातून निघून गेलं असेल तर 112. मुलांसाठी चोवीस तास 1098.

आपल्या सीमाभागाची स्वतःची एक गुंतागुंत आहे. मुलगी निपाणीची, छळणारा कोल्हापूरचा, सिमकार्ड चंदगडचं असं सहज होतं. बेळगाव शहराला पोलीस आयुक्तालय आहे आणि खानापूर, निपाणी, चिकोडी जिल्हा पोलिसांकडं येतात, त्यामुळं कुठल्या सीईएन (सायबर, आर्थिक नि अमली पदार्थांच्या गुन्ह्यांच्या) स्टेशनला जायचं यावरूनच चकरा होतात. इथं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 पाठ असू दे: दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यानं लिहून घ्यायची असते. लोक याला झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यायची.

भाषेचा प्रश्न वेगळा. अर्ज मराठीत लिहिला तरी ठाण्यातली लिखापढी कानडीत होते. सोबत त्याच मजकुराची कानडी प्रत असली की काम लवकर पुढं सरकतं आणि हकिकतीचा अर्थ बदलत नाही. शिव्या मात्र भाषांतर न करता जशाच्या तशा, कंसात अर्थ देऊन लिहायच्या. कानडी लिहिता-वाचता येणारा एक स्वयंसेवक प्रत्येक गटात हवाच. तो नसेल तर बाकीच्यांची अर्धी मेहनत टेबलावरच अडते.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं जुनं कलम 66 अ (66A) लावा असं सांगणारे अजून भेटतात. ते सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 रोजी रद्द केलं. फेक अकाउंटला त्याच कायद्याचं 66 ग (66C), 66 घ (66D), खासगी फोटोला 66 ङ (66E), पाठलागाला भारतीय न्याय संहितेचं कलम 78, धमकीला 351, असं प्रकरण पाहून पुढं जायचं. कलमं शेवटी पोलीस ठरवतात. आपण फक्त घडलं ते नीट, तारखेसकट द्यायचं.

इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप यांची हत्यारं

इन्स्टाग्रामचं 'रिस्ट्रिक्ट' हे या सगळ्यातलं सगळ्यात कमी वापरलं जाणारं आणि चांगलं साधन. ब्लॉक केलं की समोरच्याला अंदाज येतो आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकावर तो वाट बघतो. रिस्ट्रिक्ट केलं तर त्याची कमेंट फक्त त्यालाच दिसते, मेसेज विनंतीच्या खणात जातात, वाचल्याची खूण उमटत नाही. रागाच्या भरात असलेल्या मुलाला ब्लॉक करायचं असतं. त्याला थांबवायचं. आधी पुरावा, मग रिस्ट्रिक्ट, ब्लॉक सगळ्यात शेवटी.

पुरावा असा घ्यायचा: मेसेजसोबत अकाउंटचं पूर्ण नाव, तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट. प्रोफाइलची लिंक कॉपी करून वहीत, कारण नाव पाच मिनिटांत बदलता येतं. 'अबाउट धिस अकाउंट' दिसत असेल तर त्या पानाचा स्क्रीनशॉट, त्यात अकाउंट कधी निघालं ते असतं. लांब चॅटसाठी वर-खाली सरकवत स्क्रीन रेकॉर्डिंग. मूळ फोन फॉरमॅट करायचा नाही, विकायचा नाही. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, आणि ते मूळ यंत्राशी बांधलेलं असतं. मुलाच्या नग्न फोटोचा मात्र स्क्रीनशॉट नाही. तिथं फक्त लिंक, नाव, वेळ, हातानं लिहून.

व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट केलं की शेवटचे पाच मेसेज कंपनीकडं जातात, आणि सोबत चॅट पुसण्याचा पर्यायही येतो. त्याची खूण काढायला विसरलं की पुरावा गेला. ग्रुपमध्ये कुणीही ओढून घेऊ नये म्हणून सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग ग्रुप्स, मग 'माय कॉन्टॅक्ट्स'. व्हॉट्सअ‍ॅपला पाचपैकी दोनच. ग्रुपमधल्या छळावर त्याच्याकडं खरं उत्तर नाही. तिथं उत्तर म्हणजे ग्रुपचा अ‍ॅडमिन, आणि अ‍ॅडमिन बहुतेक वेळा वर्गातलाच मुलगा. त्याला रागावून काही होत नाही. बाजूला घेऊन, मेसेज काढायची पद्धत दाखवून, त्याच्यावर जबाबदारी टाकली तर तो बरेचदा ऐकतो.

"सगळ्यांनी मिळून या अकाउंटला रिपोर्ट मारा" असे मेसेज गल्लीच्या ग्रुपवर फिरतात. हेतू चांगला असतो, नुकसान मोठं होतं. किती जणांनी रिपोर्ट केलं यावर अकाउंट जात नाही, मजकूर नियमात बसतो की नाही यावर जातं. आणि त्या लिंकमुळं ज्यांनी तो फोटो पाहिला नव्हता ते दोनशे जणही पाहतात. एक-दोन रिपोर्ट, योग्य प्रकार निवडून, पुरेसे आहेत. रोमन लिपीतल्या मराठी-कानडी मिसळीच्या शिव्या यंत्राला उमजत नाहीत आणि 'नियमभंग आढळला नाही' असं उत्तर येतं. तेव्हा फेरतपासणी मागायची. तिथंही नकार आला तर कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडं लिहायचं. 2021 च्या नियमांनी नग्न किंवा बनावट फोटोच्या तक्रारीवर 24 तासांची मुदत घातली होती, त्यामुळं अर्जात ही बाब पहिल्या ओळीत यायला हवी. अधिकाऱ्यानंही ऐकलं नाही तर 30 दिवसांच्या आत सरकारच्या तक्रार अपील समितीकडं, घरबसल्या ऑनलाइन.

स्वयंसेवकांचं कौतुक कसं करावं

वरचं सगळं वाचून एक लक्षात येईल. यातली एकही सेवा दहावीतलं घाबरलेलं मूल रात्री एकटं बसून वापरू शकत नाही. कुणीतरी शेजारी लागतं, मराठीत नि कानडीत बोलणारं, न रागावणारं. म्हणून सेवांना तारे देताना निम्मं श्रेय या माणसांचं आहे, आणि ते उघडपणे मान्य व्हायला हवं.

पण कसं? गणेशोत्सवात, शिवजयंतीला, महिला मंडळाच्या हळदीकुंकवात शाल-श्रीफळ देतात. मनापासून देतात. मग निवेदक माईकवर सांगतो की या ताईंनी अमुक गल्लीतल्या, अमुक हायस्कूलच्या मुलीला कसं वाचवलं. त्या एका वाक्यानं आख्ख्या गावाला मुलगी कळते. पोक्सोचं कलम 23 आणि बाल न्याय कायद्याचं कलम 74 मुलाची ओळख उघड करायला मनाई करतं. नाव न घेता गल्ली, शाळा, इयत्ता सांगणं हीसुद्धा ओळखच. छळणारा मुलगाही 18 च्या आतला असेल तर त्याच्याही बाबतीत हेच लागू. सत्कार करा, जरूर करा, पण निवेदकाच्या कागदावर एकही प्रकरण नको. कामाचा प्रकार सांगा, घटना नको.

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर 'सायबर व्हॉलंटिअर' म्हणून नोंदणी होते, त्यात बेकायदा मजकूर दाखवून देणारे, जागृती करणारे आणि तज्ज्ञ असे तीन प्रकार आहेत. या नोंदणीचा गाजावाजा करायला, मंत्रालयाचं नाव लावून समाजमाध्यमावर मिरवायला त्यांच्या अटींमध्ये बंदी आहे. तेव्हा मंडळानं फलकावर 'गृह मंत्रालयाचे सायबर स्वयंसेवक' असं छापलं तर ज्याचा सत्कार त्यालाच त्रास. ही अट आम्हाला योग्य वाटते. गाजावाजा झाला की छळणारे आधी स्वयंसेवकाचंच फेक अकाउंट काढतात.

कामाची कदर करायची तर त्यांना काय लागतं ते विचारा. महिन्याचा रिचार्ज. खानापूरहून बेळगावला सीईएन स्टेशनला जायचं एसटीचं तिकीट. एका मुलासोबत बसताना दोन जण, त्यातली एक बाई. दिवसात दोन तासांपेक्षा जास्त नाही, कारण असलं ऐकून झोप उडते. रात्री दहानंतर फोन बंद ठेवायची मुभा, आणि तोवर मुलांनी कुणाला फोन करायचा ते भिंतीवर लिहिलेलं: 1098 आणि 112. स्वतःचं मन जड झालं तर टेलिमानस, 14416. बेंगळूरची निम्हान्स संस्था तिच्या मुळाशी आहे आणि मराठी, कानडी दोन्हीत बोलता येतं. हा नंबर स्वयंसेवकांसाठीही आहे, हे त्यांना कुणी सांगत नाही.

कॉलेजांनी एक गोष्ट लगेच करावी. एनएसएसच्या प्रमाणपत्रासाठी वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240 तास आणि एक विशेष शिबिर लागतं. झाडं लावण्याचे, रस्ता झाडण्याचे तास मोजले जातात, तसे मुलासोबत ठाण्यात बसलेले तासही मोजले जावेत. हजेरी वहीत 'सायबर मदत, 3 तास' एवढीच नोंद. किती प्रकरणं 'सोडवली' हा रकाना ठेवूच नये. तो ठेवला की आकडा वाढवायला मुलांना घाईनं तक्रारीला लावलं जातं, आणि अर्ध्यातून सोडलेलं मूल कुठंच मोजलं जात नाही.

प्रमाणपत्र छापायचंच असेल तर मजकूर एवढा पुरे: नाव, वर्ष, तास, आणि 'मुलांच्या ऑनलाइन सुरक्षेसाठी मराठी व कानडीतून मदत'. फोटोसाठी व्यासपीठावर मुलांना उभं करू नका, स्वयंसेवकांच्या आई-वडिलांना बोलवा. रात्री-अपरात्री वाजणारा फोन त्यांनीही सहन केलेला असतो.